रानातल्या सौम्य भुताची निसर्गनोंद कशी लिहावी

रानातलं भूत म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा दोनच चित्रं येतात. एक अंगावर धावून येणारं, दुसरं बशीएवढ्या डोळ्यांचं गोंडस. निसर्गनोंद लिहायला दोन्ही कुचकामी, कारण दोन्हींमध्ये भूत फक्त आपल्याकडे बघत उभं असतं. ते काय खातं, कुठे निजतं, कधी वितं, कशानं मरतं आणि त्याच्या असण्यानं शेजारच्या उंदराचं आणि झाडाचं काय बदलतं, हे सांगितलं तर निसर्गनोंद होते. जीव काल्पनिक असला तरी हे प्रश्न खरेच असतात, आणि त्यांची उत्तरं खऱ्या जीवशास्त्राला धरून द्यावी लागतात.

सगळ्यात मोठी अडचण 'सौम्य' या शब्दाची आहे. 'स्वभाव: सौम्य' असं लिहून भागत नाही. वाचक विचारतो, का? गुरगुरायला त्याला काय झालं? सौम्यपणा शरीराच्या आणि अन्नाच्या हिशेबातून निघाला तरच पटतो. म्हणून खाली एकाच जीवाचा हिशेब शेवटपर्यंत मांडला आहे. त्याचं नाव 'शेवाळ्या'. तुमचा जीव वेगळा असेल. आकडे बदला, क्रम शक्यतो बदलू नका.

सौम्यपणा कुठून आला, हे आधी

खऱ्या प्राण्यांत सौम्यपणाकडे जाणाऱ्या तीन ठळक वाटा दिसतात. पहिली निर्भयतेची. जिथे शिकारी नसतात तिथल्या प्राण्यांची पळण्याची सवय सुटते. मॉरिशसचा डोडो माणसाला बिचकत नव्हता आणि सतराव्या शतकात संपला. गॅलापागोस बेटांवरचे पक्षी आजही माणसाला फारसे घाबरत नाहीत. ही वाट निवडलीत तर तुमचं भूत बेटावर किंवा बेटासारख्या तुटक रानात राहायला हवं, आणि बाहेरून आलेलं पहिलं मांजर हा त्याचा शेवट असू शकतो.

दुसरी वाट काटकसरीची. स्लॉथ पानांवर जगतो, पानांतून ऊर्जा थोडी मिळते, म्हणून तो हळू हलतो, कमी भांडतो आणि विष्ठेसाठी आठवड्यातून जेमतेम एकदा झाडावरून उतरतो. खिसाच रिकामा, तिथे भांडणाचा खर्च कोण करणार?

तिसरी वाट देवाणघेवाणीची. समुद्रातले सफाई करणारे छोटे मासे मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातात आणि मोठे मासे त्यांना गिळत नाहीत. पण हा सौम्यपणा धंद्यातला आहे. सफाई करणारा मासा संधी मिळाली की गिऱ्हाइकाच्या त्वचेवरचा पौष्टिक बुळबुळीत थरही ओरबाडतो, आणि गिऱ्हाईक झटका देऊन निघून जातं. ही वाट घेतलीत तर तुमच्या भुताच्या लबाडीचीही नोंद हवी.

तिन्हींची मिसळ करू नका. निर्भय, मंद आणि सेवाभावी असा एकच जीव रंगवला की तो गोष्टीतला साधुपुरुष होतो. शेवाळ्यासाठी आपण दुसरी वाट घेऊ.

एकच थाप

भूत म्हणजे काहीतरी अशक्य हवंच. नाहीतर तो नुसता नवा प्राणी. पण अशी अशक्य गोष्ट, म्हणजे थाप, एकच ठेवा. अंगातून उजेड येतो, रूप बदलतं, झाडांशी बोलतं आणि हवेत विरतं, असं सगळं एका जीवावर लादलं की कुठल्याच गोष्टीचा परिणाम शोधता येत नाही. मग वाचकही तो शोधायचं सोडून देतो.

दुसरं पथ्य असं की त्या एका थापेचं स्पष्टीकरण द्यायचं नाही. फक्त मोजमाप द्यायचं. कसं घडतं हे सांगायला गेलात की खोटं विज्ञान तयार होतं, आणि ते खऱ्या विज्ञानाशेजारी लगेच उघडं पडतं. कुठे, केव्हा, किती, एवढंच लिहा.

शेवाळ्याची थाप ही: तो जागा असताना त्याच्याभोवती ३ मीटरच्या आत आवाज दबतो. पण 'आवाज दबतो' एवढ्यानं पुढे सरकता येत नाही. किती दबतो? कडेला थोडा, १ मीटरवर २० डेसिबलनं, म्हणजे ध्वनीची तीव्रता शंभराव्या भागावर येते. कुठला आवाज? १ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या वरचा. त्याखालचे जाड आवाज आणि जमिनीतली कंपनं तशीच राहतात. निजलेला असताना? काहीच दबत नाही.

ही १ किलोहर्ट्झची रेघ वाटेल तशी मारलेली नाही. माणसाच्या बोलण्यातला मूळ स्वर काही शे हर्ट्झचा असतो, तो या रेघेखालून निसटतो. पण 'स', 'श', 'च' यांतला फुत्कार कितीतरी वरच्या पट्टीतला असतो. म्हणजे शेवाळ्याजवळ उभं राहून बोललात तर गोधडीआडून बोलल्यासारखं ऐकू येईल, आणि त्याचं स्वतःचं नाव 'एवाळ्या' होईल. थाप अशी मोजून मांडली की असे तपशील आपोआप हाती लागतात, बसून रचावे लागत नाहीत.

थापेचे परिणाम शेजाऱ्यांपर्यंत न्या

लेखाचा सगळ्यात कसदार भाग हाच, आणि बहुतेक जण नेमका हाच उरकतात. पद्धत सोपी आहे. कागदाच्या मध्यभागी तुमची थाप लिहा. भोवती त्या रानातल्या दहा-बारा जीवांची नावं लिहा, म्हणजे शिकारी, भक्ष्य, किडे, झाडं, बुरशी. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: या थापेनं याचं पोट भरायला, जोडीदार मिळायला किंवा जीव वाचायला सोपं जातं की अवघड? मग मिळालेल्या उत्तरालाच पुन्हा तोच प्रश्न विचारा.

घुबडापासून सुरुवात करू. गव्हाणी घुबड पूर्ण अंधारात नुसत्या कानावर उंदीर पकडू शकतं, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पालापाचोळ्यातली खसखस मुख्यतः वरच्या पट्टीत असते. शेवाळ्याच्या वर्तुळात ती खसखस बाहेर पोचतच नाही, म्हणून तिथे उंदीर सुरक्षित. उंदरालाही घुबड ऐकू येणार नाही, हे खरं. पण घुबडाची पिसं मुळातच आवाज न करण्यासाठी घडलेली असतात, त्यामुळे उंदराचं फारसं काही जात नाही. म्हणजे वर्तुळात उंदीर जमणार. आता तोच प्रश्न परत: जमलेले उंदीर काय खाणार? बिया, आणि बुरशीसुद्धा. शेवाळ्या स्वतः काय खातो ते पुढे येईलच. बुरशीच खात असेल तर त्यानं आपल्याच ताटावर भागीदार बोलावले. हा तोटा नोंदीत राहू द्या. ज्या थापेचा मालकाला फक्त फायदाच होतो ती थाप संशयास्पद वाटते.

आता वटवाघूळ. किडे खाणारी वटवाघळं सोडतात ते आवाज बहुतेक २० किलोहर्ट्झच्या वरचे, आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून त्यांना समोरचं कळतं. वर्तुळात प्रतिध्वनी येतच नाही. इथे हमखास होणारी चूक म्हणजे 'वटवाघळाला भिंत असल्यासारखं वाटतं आणि ते वळतं' असं लिहिणं. उलट आहे. प्रतिध्वनी नाही याचा वटवाघळाला लागणारा अर्थ 'समोर मोकळं आहे' असा. गुळगुळीत उभ्या पृष्ठभागावर वटवाघळं आदळतात ती याच कारणानं. आवाज भलतीकडे परावर्तित होतो आणि समोर पोकळी आहे असं वाटतं. तेव्हा शेवाळ्या झाडाच्या बुंध्याशी बसला असेल तर नवखं वटवाघूळ त्या बुंध्यावर आदळू शकतं. सौम्य जीव कुणालाही इजा न करता इजेचं कारण होतो. अशी गैरसोयीची गोष्ट सापडली की ती झाकू नका, ठळक लिहा.

अनुभवी वटवाघळं ती जागा टाळतात असं धरलं तर पतंगांचं फावलं. वर्तुळाजवळ पतंग जास्त, रात्री फुलणाऱ्या फुलांवर त्यांच्या खेपा जास्त, परागीभवन जास्त, बिया जास्त. शेवाळ्या ज्या वाटांनी वर्षानुवर्षं फिरतो त्या वाटांवर रात्री फुलणारी झाडं दाट होत जाणार. ही नोंद रानात त्याला शोधायलाही उपयोगी पडते.

रातकिड्यांचं गाणं साधारण २ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्टीत असतं, म्हणजे रेघेच्या बरंच वर. वर्तुळात बसून गाणाऱ्या नराला मादी ऐकू शकत नाही, म्हणून गाणारे नर तिथून हलणार. पण सगळे हलतील असं नाही. रातकिड्यांना गाण्यावरून शोधून त्यांच्या अंगावर अळ्या सोडणाऱ्या परजीवी माश्या आहेत. हवाईतल्या कवाई बेटावर या माश्यांच्या जाचानं बहुतेक नर रातकिडे वीसेक पिढ्यांत मुके झाले. वर्तुळात अशा माशीपासून संरक्षण मिळतं. म्हणून काही नर तिथेच गुपचूप बसून जवळून जाणारी मादी गाठतील. एका थापेनं एकाच जातीत दोन डावपेच उभे राहिले.

थांबायचं कधी? साखळीतल्या तिसऱ्या कडीनंतर. त्यापुढे उत्तरं इतकी सैल होतात की काहीही सिद्ध करता येतं.

आकार आणि वजन

उंची ठरवून वजन अंदाजपंचे लिहिणं ही जुनी खोड. शरीर म्हणजे एक नळकांडं समजा. शेवाळ्या ४० सेंटिमीटर उंच आणि सरासरी १० सेंटिमीटर जाड. घनफळ ३.१४ × ५ × ५ × ४० म्हणजे सुमारे ३,१४० घन सेंटिमीटर. प्राण्यांच्या अंगाची घनता पाण्याच्या जवळपास असते, म्हणून वजन ३ किलोच्या आसपास. हातपाय बारीक असतील तर थोडं कमी करा.

आता हाच जीव ४ मीटर उंच करायचा मोह होतो. उंची १० पट झाली की वजन १,००० पट होतं, पण तळव्याचं आणि हाडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ १०० पटच. शेवाळ्याचे दोन तळवे प्रत्येकी ६० चौरस सेंटिमीटरचे असतील तर उभा असताना जमिनीवर दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ ग्रॅम. ओल्या पाचोळ्यावर ठसा जेमतेम उमटेल. ४ मीटरवाल्याचा दाब २५० ग्रॅम; त्याच्या पायाखाली माती दबेल, मुळांना हवा कमी पडेल आणि ज्या रानाचा तो रक्षक, त्याच रानात त्याच्या पायवाटा बोडक्या होतील. मोठं भूत हवंच असेल तर त्याचं अंग आणि पाय नव्यानं आखा. छोट्याला ताणून मोठं करता येत नाही.

रोजचा शिधा

इथे साधं गणकयंत्र पुरतं. सस्तन प्राण्याला नुसतं पडून राहायला दिवसाला किती ऊर्जा लागते याचा क्लायबरचा ठोकताळा आहे: किलोतल्या वजनाचा पाऊण घात, गुणिले ७०. पाऊण घात काढायचा तर वजन स्वतःशी तीनदा गुणा आणि दोनदा वर्गमूळ घ्या. ३ × ३ × ३ = २७; वर्गमूळ ५.२, पुन्हा वर्गमूळ २.२८. गुणिले ७० म्हणजे सुमारे १६० किलोकॅलरी. आपला जीव काटकसरी आहे, म्हणून त्याला थंड रक्ताचा करा. त्याच वजनाच्या सरपटणाऱ्या प्राण्याचा खर्च सस्तनाच्या साधारण दहाव्या भागाइतका असतो. म्हणजे १६. हालचालीसाठी दुप्पट धरून ३२.

लोकांना आवडतं ते उत्तर म्हणजे 'तो उन्हावर जगतो'. करून बघा हिशेब. भर उन्हात दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट येतात. दाट रानाच्या तळाशी त्यातले १ ते २ टक्के पोचतात. २० वॅट धरू. प्रकाशसंश्लेषण १ टक्का कार्यक्षम धरलं तर ०.२ वॅट. शेवाळ्याच्या अंगाचा उजेडाकडचा भाग ०.१ चौरस मीटर, म्हणजे ०.०२ वॅट. दहा तास असेच मिळाले तरी ७२० ज्यूल, ०.१७ किलोकॅलरी. गरज ३२ ची. वनस्पतीला हे परवडतं, कारण ती चालत नाही आणि सगळं अंग पानांत पसरते. चालणाऱ्या जिवाच्या अंगावरचा हिरवा रंग लपायला उपयोगी, पोट भरायला नाही.

मग अळंबी. ताज्या अळंबीत १०० ग्रॅममागे साधारण २५ किलोकॅलरी असतात आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. अळंबी पावसाळ्यातच मुबलक, म्हणून कोरड्या हंगामात शेवाळ्याला निजावं लागणार. ओला हंगाम १२० दिवसांचा धरला तर निजेचे दिवस २४५. निजेतला खर्च दिवसाला २ किलोकॅलरी धरला तर ४९० लागतात. चरबीच्या एका ग्रॅममध्ये ९, म्हणजे सुमारे ५५ ग्रॅम चरबी साठवली की झालं. त्यासाठी ओल्या हंगामात रोज ४ किलोकॅलरी जास्त खायला हवं. ३२ आणि ४ मिळून ३६. अळंबी १४४ ग्रॅम, पचनातली तूट बघता १५० च्या खाली उतरू नका. हंगामाला १८ किलो. तुमच्या कल्पनेतल्या रानात हेक्टरी हंगामाला ४० किलो अळंबी उगवते आणि त्यातली पाव त्याच्या वाट्याला येते असं ठरवलंत, तर एका शेवाळ्याला दोन हेक्टरांच्या आत-बाहेर रान लागेल. रान किती मोठं आणि त्यात शेवाळे किती, हे आता नुसत्या भागाकारानं निघतं.

तुलनेला मघाचा ४ मीटरवाला बसवून बघा: ३,००० किलो, थंड रक्त, तरी रोज २२ किलोपेक्षा जास्त अळंबी. तो सौम्य राहूच शकत नाही. दुसरा कुणी त्याच रानात शिरला की त्याला हाकलावंच लागेल.

खाल्ल्याचा उलटा परिणामही लिहा. अळंबी खाणारे छोटे सस्तन प्राणी विष्ठेतून बीजाणू पसरवतात, आणि त्यांतल्या कित्येक बुरशी झाडांच्या मुळांशी जोडलेल्या असतात. 'रानाचा रखवालदार' ही पदवी शेवाळ्याला द्यायचीच असेल तर ती इथून द्या. त्याच्या मनात रानाबद्दल माया आहे असं लिहायची गरज उरत नाही.

अंग

मराठीत 'शेवाळ' हा शब्द डबक्यावरच्या हिरव्या तवंगालाही लागतो आणि दगडावरच्या मखमलीलाही. पहिलं शैवाल, दुसरं मॉस. निसर्गनोंदीत दोन्ही वेगळी सांगा, आणि दगडफूल तिसरं: ती बुरशी आणि शैवालाची भागीदारी. शेवाळ्याच्या पाठीवर मॉस आहे.

पण मॉस अंगावर टिकणार कसं? बेडूक, साप, सरडे कात टाकतात. मॉस त्याबरोबर गळून पडेल. खऱ्या प्राण्यांनी यातून वाट काढली आहे. न्यू गिनीतल्या काही मोठ्या सोंडकिड्यांच्या पाठीवर शैवाल, दगडफूल आणि मॉसजातीतल्या वनस्पती वाढतात. प्रौढ किडा कात टाकत नाही, हे तिथे सोयीचं ठरतं. स्लॉथच्या केसांना चिरा असतात आणि त्यांत शैवाल राहतं. शेवाळ्याच्या पाठीवर न गळणारे, उभ्या खाचांचे कडक खवले द्या. मॉसला खरी मुळं नसतात, खाचेतला ओलावा आणि धूळ त्याला पुरते. कोरड्या हंगामात मॉस वाळून तपकिरी होतं आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवं; म्हणजे निजलेला शेवाळ्या वाळक्या ओंडक्यासारखाच दिसणार.

डोळ्यांचं लवकर आटपू. पुढे असलेले दोन मोठे डोळे गोंडस दिसतात, पण ते अंतर अचूक ओळखायला लागतात, मुख्यतः झेप घेणाऱ्याला. अळंबी पळत नाही. डोळे बाजूला, मध्यम. आणि रात्री चमकणारे डोळे स्वतः उजेड देत नाहीत, बाहेरून पडलेला परत पाठवतात. काळोख्या रानात विजेरी न लावता ते चमकले की नोंद खोटी ठरली.

कानांचा विचार जास्त हवा. जो आयुष्यभर स्वतःच्या शांततेत जगतो त्याला वरच्या पट्टीचे कान कशाला? गुहेत राहणाऱ्या आंधळ्या माशांच्या काही जातींत डोळे भ्रूणात सुरू होतात आणि मग खुंटतात. शेवाळ्याच्या कानांचं तसंच होईल. त्याऐवजी तळव्यांनी जमिनीतली कंपनं टिपणं आलं, आणि आपसातला संवादही कंपनांनी: पाय आपटून, ओंडक्यावर टिचक्या मारून. झाडाच्या देठातून कंपनं पाठवून एकमेकांशी 'बोलणारे' किडे आहेतच. शेवाळ्याला गोड शीळ वगैरे देऊ नका. ती त्याला स्वतःलाच ऐकू येणार नाही.

जन्म, मरण

सौम्य जीवांच्या नोंदीत मरण गाळलं जातं, आणि हिशेब तिथेच बिघडतो. समजा मादी विसाव्या वर्षापासून ऐंशीच्या आत दर सहा वर्षांनी एक पिल्लू देते. एकूण १०. संख्या स्थिर राहायची तर त्यांतली सरासरी दोनच पिल्लं मोठी होऊन विणीपर्यंत पोचली पाहिजेत. सगळी जगली तर दर पिढीला संख्या पाचपट. ४० शेवाळ्यांचे पाच पिढ्यांत सव्वा लाख. आठ कुठे जातात ते लिहावंच लागतं.

बहुतेक पहिल्या कोरड्या हंगामात. मघाचाच ठोकताळा ५० ग्रॅमच्या पिल्लाला लावला तर दर ग्रॅममागे त्याचा खर्च प्रौढाच्या पावणेतीन पट निघतो, आणि चरबी साठवायला जागा कमी. म्हणून पिल्लू पहिली निज आईच्या पाठीवरच्या ओलसर मॉसमध्ये काढतं असं ठेवा, आणि तरीही निम्मी निजेतच जातात असं लिहा. बाकी वणवा, पूर, पडलेली फांदी, आणि त्वचेचे बुरशीजन्य रोग. उभयचरांच्या कित्येक जाती अशाच एका बुरशीनं संपवल्या आहेत. 'रान आहे तोवर तो अमर' हे वाक्य सुचलं तर खोडा.

खुणा, आणि त्या ओळखायची रीत

रात्री चालत जा, दर १० मीटरवर थांबा, २ मिनिटं ऐका, कुठल्या दिशेला रातकिडे नाहीत ते वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, पाऊस-वारा आधी, निरीक्षण नंतर. माणूस जवळ गेला की रातकिडे गप्प होतातच, म्हणून नुसती शांतता पुरावा नाही. तुम्ही न हलता उभे राहिलात की साधी शांतता थोड्या वेळात भरून येते. शेवाळ्याची येत नाही. पक्की खूण ही की जाड आवाजाचा बेडूक त्याच जागी ऐकू येतो आणि रातकिडा नाही. ध्वनिमुद्रणाच्या आलेखात १ किलोहर्ट्झच्या वरचा पट्टा रिकामा दिसला पाहिजे. सगळाच आलेख रिकामा असेल तर मायक्रोफोन बिघडलाय.

दिवसा शोधायच्या त्या खाल्लेल्या अळंब्या. गोगलगाय छत्रीला भोकं आणि चर पाडते. शेवाळ्या देठ ठेवून छत्री अख्खी उचलतो, कडा चुरगळलेली राहते. अशी जवळपासच्या जीवाशी तुलना प्रत्येक खुणेला हवी, कारण खरा निरीक्षक आधी साधं कारण तपासतो.

नाव

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं, लॅटिन धाटणीचं. प्राण्यांच्या नावांची गणती, ही दोनशब्दी पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसच्या ग्रंथाच्या १७५८ मधल्या दहाव्या आवृत्तीपासून धरतात. प्रजातीचं (जीनसचं, म्हणजे दोनांतलं पहिलं) नाव जगात दुसऱ्या प्राण्याला नाही ना, हे शोधून घ्या. नवी जात वर्णन करताना नमुना जपून ठेवायचा असतो, आणि सौम्य भुताला मारून बाटलीत ठेवणं कुणाला रुचणार नाही. त्यालाही खरी वाट आहे: २००६ मध्ये रमणा आत्रेय यांनी अरुणाचलच्या ईगलनेस्टमधून 'बुगुन लिओसिकला' या पक्ष्याचं वर्णन केलं तेव्हा पक्षी मारला नाही, पिसं ठेवून त्याला सोडून दिलं. शेवाळ्याचा एक गळका खवला तेवढंच काम करेल. मात्र वर आपण खवले न गळणारे ठरवले आहेत, तेव्हा तो मेलेल्या शेवाळ्याचाच असला पाहिजे. असे धागे शेवटी एकदा मुद्दाम ओढून बघा.

मजकूर

विशेषणाच्या जागी आकडा किंवा कृती घाला. 'गूढ', 'अद्भुत', 'मायाळू' हे शब्द शोधून काढून टाका; वाक्य अर्थहीन झालं तर त्यात मुळातच काही नव्हतं. जे दिसलं ते 'दिसतं', जे खुणांवरून ताडलं ते 'असावं', आणि दोन्ही एका वाक्यात मिसळायचे नाहीत. फायदे लिहाल तेवढेच तोटे लिहा. चित्र काढलंत तर शेजारी सेंटिमीटरची पट्टी हवी. वर केलेला हिशेब मजकुरात दाखवायचा नाही, नुसतं उत्तर द्यायचं. तयार नोंद अशी दिसते:

'शेवाळ्या. उंची ४० सेंटिमीटर, वजन सुमारे ३ किलो. पाठीवर खाचांचे खवले, त्यांत मॉस. कोरड्या हंगामात तपकिरी. डोळे बाजूला. दाट छताच्या ओल्या रानात, कुजत्या ओंडक्यांजवळ, एकेकटा. ओल्या हंगामात रात्री हिंडतो, एका रात्रीत क्वचितच ४० मीटरपेक्षा दूर जातो. रोज सुमारे १५० ग्रॅम अळंबी खातो. जागा असताना ३ मीटरच्या आत वरच्या पट्टीचे आवाज दबतात. वर्तुळात उंदीर आणि पतंग जास्त, गाणारे रातकिडे जवळजवळ नाहीत; बुंध्याशी आदळून पडलेली वटवाघळं अधूनमधून आढळतात. दोघे समोरासमोर आले तर जमिनीवर दोन-तीनदा पाय आपटतात आणि आल्या वाटेनं परततात. मादी सहा वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. पिल्लू पहिली निज आईच्या पाठीवरच्या मॉसमध्ये काढतं. जन्मतः त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानांची बारीक भोकं असतात. दुसऱ्या पावसाळ्यात ते जमिनीवर उतरतं, तोवर ती बुजलेली असतात.'